टीव्हीत अ‍ॅप का सापडत नाही? बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बेळगावात, शहापूर भागात, टीव्ही आणि डिश बसवून देण्याचं काम करतो. छतावर चढून छत्री फिरवायची आणि खालून कुणीतरी "आलं, आलं, आता हलवू नका" म्हणून ओरडायचं, त्या दिवसांपासून. आता छतावर चढणं कमी झालं आणि फोन वाढले. निम्म्याहून जास्त फोन एकाच तक्रारीचे: टीव्ही नवा आहे, नेट चालू आहे, पण हवं ते अ‍ॅप त्यात नाही. येळ्ळूर, हिंडलगा, खानापूर, निपाणी, कुठूनही फोन आला तरी प्रश्न तेच. म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बरीच माणसं, त्यातही वयस्कर, स्वतःलाच दोष देतात. "मलाच येत नाही हे," म्हणतात. तसं नसतं. टीव्हीत काय चालणार आणि काय नाही, हे बहुतेक वेळा तो कारखान्यातून निघतानाच ठरलेलं असतं. तुम्ही कितीही बटणं दाबली तरी ते बदलत नाही. मनाला लावून घेऊ नका.

खोक्यावर "स्मार्ट" आणि "अँड्रॉइड" असं ठळक छापलंय. मग अ‍ॅप का नाही?

"स्मार्ट" या शब्दावरून टीव्ही इंटरनेटला जोडता येतो एवढंच कळतं. आत कुठली प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) आहे, ते वेगळं पाहावं लागतं.

काही टीव्हींत गूगलचा परवाना घेतलेली अँड्रॉइड टीव्ही किंवा गूगल टीव्ही प्रणाली असते. त्यांत टीव्हीसाठीचं खरं प्ले स्टोअर मिळतं. काही कंपन्यांची स्वतःची प्रणाली असते: सॅमसंगची टायझेन, एलजीची वेबओएस, हायसेन्सची विडा, अ‍ॅमेझॉनची फायर टीव्ही. यांत प्ले स्टोअर नसतं, ज्याचं त्याचं दुकान असतं. तिसरा प्रकार आपल्या भागात स्वस्तातल्या टीव्हींत फार दिसतो. अँड्रॉइडचा पाया सगळ्यांना फुकट वापरता येतो. तो घ्यायचा, त्यावर आपला मेन्यू चढवायचा आणि खोक्यावर "अँड्रॉइड" छापायचं. हे छापणं खोटं म्हणता येत नाही, पण गूगलचा परवाना नसल्यामुळे त्यात प्ले स्टोअर नसतं, किंवा फोनचं प्ले स्टोअर कसंबसं बसवलेलं असतं.

आणि गूगलचा परवाना असला तरी काम संपत नाही. नेटफ्लिक्ससारख्या कंपन्या प्रत्येक मॉडेल स्वतः तपासून मान्यता देतात. ही मान्यता घ्यायला टीव्ही कंपनीला वेळ आणि पैसा लागतो. काही कंपन्या आधी टीव्ही विकायला काढतात आणि मान्यता नंतर बघू म्हणतात, काही ती घेतच नाहीत. गाडी नवी कोरी असली तरी परमिट नसेल तर महाराष्ट्राच्या सीमेवरच्या शिनोळीच्या पुढे नेता येत नाही, तसंच हे. इंजिनात काही खोट नाही, कागद नाही.

प्ले स्टोअर आहे. फोनवर अ‍ॅप दिसतं, पण टीव्हीवर शोधलं तर येतच नाही. हे कसं?

टीव्हीवरचं प्ले स्टोअर तुम्हाला सगळं दुकान दाखवत नाही. जे अ‍ॅप रिमोटने चालवण्यासाठी बनवलेलं आहे, तुमच्या अँड्रॉइडच्या आवृत्तीवर चालतं, तुमच्या मॉडेलला मान्य आहे आणि तुमच्या देशात उपलब्ध आहे, तेवढंच दिसतं. यातलं एक जरी जुळलं नाही तरी अ‍ॅप गाळलं जातं, आणि का गाळलं तेही सांगितलं जात नाही. माणूस वैतागतो तो इथेच. "तुमच्या टीव्हीला हे चालणार नाही" अशी एक ओळ दाखवली असती तर लोकांचे तासन्‌तास वाचले असते.

कारण शोधायचा एक सोपा मार्ग आहे. फोनच्या किंवा कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये प्ले स्टोअरची वेबसाइट उघडा. टीव्हीवर जे जीमेल खातं आहे त्याच खात्याने आत जा. अ‍ॅप शोधा आणि इन्स्टॉल दाबा. तिथे तुमच्या उपकरणांची यादी येते. टीव्हीचं नाव निवडता आलं तर तिथूनच अ‍ॅप टीव्हीवर पाठवता येतं. विसंगत म्हणून दाखवलं तर प्रश्न मिटला, पुढे शोधण्यात अर्थ नाही.

काल-परवापर्यंत होतं. आज गायब. आम्ही तर हातही लावला नाही.

खरं आहे, तुम्ही काहीच केलं नाही. याची तीन कारणं मी नेहमी बघतो.

पहिलं, अ‍ॅपच राहिलं नाही. वूट बघणाऱ्यांना २०२३ मध्ये जिओसिनेमाकडे जावं लागलं. मग १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओसिनेमा आणि हॉटस्टार एकत्र येऊन जिओहॉटस्टार झालं. त्या आठवड्यात माझा फोन सतत वाजत होता. कलर्स मराठीच्या मालिका जिओसिनेमावर बघणाऱ्या घरांत एकदम अंधार झाल्यासारखं वाटलं. मालिका चालूच होत्या, घराचा पत्ता तेवढा बदलला होता. नवीन अ‍ॅप घालून त्याच फोन नंबरने आत गेलं की बहुतेकांचं काम झालं.

दुसरं, टीव्ही जुना झाला. अ‍ॅप बनवणारे काही वर्षांनी जुन्या मॉडेलांकडे लक्ष देणं बंद करतात. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०१९ पासून सॅमसंगच्या २०१० आणि २०११ मधल्या काही टीव्हींवर चालणं थांबवलं. पडदा चांगला, आवाज चांगला, आणि तरी अ‍ॅप बंद. आपल्याकडे टीव्ही दहा-बारा वर्षं सहज चालतो, चालवतात. पडद्याचं आयुष्य आणि आतल्या प्रणालीचं आयुष्य यांचा मेळ बसत नाही, त्याचा भुर्दंड गिऱ्हाइकाला पडतो. मला ही गोष्ट अजिबात पटत नाही.

तिसरं, कंपन्यांची भांडणं. गूगल आणि अ‍ॅमेझॉनचं बिनसलं तेव्हा २०१८ च्या सुरुवातीपासून फायर टीव्हीवर यूट्यूबचं अ‍ॅप नव्हतं, ते जुलै २०१९ मध्ये परत आलं. दीड वर्ष लोक ब्राउझर उघडून यूट्यूब बघत होते. अशा वेळी वाट बघणं किंवा दुसरं उपकरण जोडणं, एवढंच हातात असतं.

नेटवरून अ‍ॅपची फाइल घेऊन पेनड्राइव्हने घातली तर? शेजारच्या पोराने करून दिलं म्हणतात.

ही एपीके फाइल टाकायची युक्ती कधी चालते, कधी नाही. चालली तरी दोन अडचणी राहतात.

एक चित्राची. अँड्रॉइडचा फोन असो की टीव्ही, त्यात चित्राची चोरी होऊ नये म्हणून वाइडवाइन नावाचं कुलूप असतं. त्याची वरची पातळी एल १ आणि खालची एल ३. मान्यता नसलेल्या टीव्हीत बहुधा एल ३ असते, आणि मग नेटफ्लिक्ससारखे मोठे ओटीटी तुम्हाला साधं, पुसट चित्रच देतात. पैसे एचडीचे भरायचे आणि ५५ इंची पडद्यावर चेहरे धुरकट बघायचे. अनगोळमधल्या एका घरी मी हे डोळ्यांनी पाहिलं. त्या काकांना वाटत होतं पॅनल खराब आहे, ते बदलायचा खर्च विचारायला मला बोलावलं होतं. त्याच पडद्यावर मी माझी स्टिक (टीव्हीच्या एचडीएमआय तोंडात बसणारं, स्वतःची प्रणाली असलेलं छोटं उपकरण) लावून दाखवली, चित्र लख्ख. पॅनलला काही झालं नव्हतं. त्यांचे पॅनलचे पैसे वाचले याचं मला फार समाधान वाटलं.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. अनोळखी ठिकाणची फाइल आणि बिनओळखीचा बॉक्स, दोन्हीतून घरात चोर शिरू शकतो. बॅडबॉक्स २.० या नावाने ओळखलं जाणारं बाधित उपकरणांचं जाळं मुख्यतः असल्याच बिनपरवाना अँड्रॉइड बॉक्सांवर पसरलं होतं. काही बॉक्स कारखान्यातूनच बाधित होऊन आले होते. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने त्याबद्दल जाहीर इशारा दिला, आणि जुलैमध्ये गूगलने ते चालवणाऱ्यांवर खटला भरला. त्यात १ कोटीहून जास्त उपकरणं सापडली होती. ज्या वाय-फायवर तुमचा फोन, फोनवर यूपीआय, त्याच वाय-फायवर हा बॉक्स. "सगळे चॅनेल फुकट" असं सांगून कुणी बॉक्स देत असेल तर घेऊ नका. मी तो कुणाच्याही घरी बसवत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

मुलगा दुबईला असतो, तिकडून टीव्ही आणला. भारतातलं एकही अ‍ॅप नाही.

कारवार आणि खानापूर भागातून हा प्रश्न बराच येतो. टीव्हीच्या अ‍ॅप-दुकानाला देश ठरवून दिलेला असतो. एलजीत सेटिंगमध्ये "लोकेशन" खाली सेवांचा देश बदलता येतो, आधी तो पाहा. गूगलवाल्या टीव्हीत देश खात्यावरून ठरतो. मुलाचं खातं घातलं असेल तर ते काढून इथलं खातं घाला. प्ले स्टोअरचा देश वर्षातून एकदाच बदलता येतो, म्हणून उगाच चाळा करू नका. एवढं करूनही नाही जमलं तर इथली स्टिक लावा. टीव्ही फक्त पडदा म्हणून वापरायचा, मग तो कुठल्या देशाचा आहे याने फरक पडत नाही.

अ‍ॅप आहे, पण उघडलं की सगळं कानडी. मराठी कुठे गेलं?

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देतो.

मागच्या जुलैत जांबोटीच्या पुढच्या एका गावात गेलो होतो. पाऊस असा की समोरचं फणसाचं झाड दिसत नव्हतं. कौलारू घर, शेणाने सारवलेली पडवी, आणि आत भिंतीवर ४३ इंची नवा टीव्ही. पुण्यातल्या मुलाने हप्त्यावर घेऊन पाठवलेला. आज्जी रिमोट हातात धरून बसल्या होत्या. रिमोटवरचं प्लॅस्टिक तसंच, आतल्या बाजूला ओल येऊन पांढरं झालेलं. जवळ शाळेची एक वही, तिच्यात मालिकांची नावं आणि वेळा पेन्सिलने लिहिलेल्या. मला म्हणाल्या, "पोरगा म्हणतोय सगळं येतंय ह्यात. मला कानडीच येतंय की बाबा. कानडी वाईट न्हवं, पण मला कळंना."

मी पाहिलं. टीव्ही बिनपरवाना अँड्रॉइडचा. मुख्य पडद्यावर वरच्या दोन्ही रांगा कानडी सिनेमांच्या. आज्जींना हवं असलेलं अ‍ॅप त्या टीव्हीत येणारच नव्हतं.

सीमाभागात राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. बसची पाटी कानडीत, शेताचा उतारा कानडीत, कचेरीतून आलेला कागद वाचून घ्यायला दुसऱ्याकडे जायचं. संध्याकाळी घरात दिवा लावल्यावर टीव्हीतून येणारं मराठी ही या वयाच्या माणसांची हक्काची गोष्ट असते. कुणाशी वैर म्हणून हे लिहीत नाही. माझी निम्मी गिऱ्हाइकं कानडी बोलणारी आहेत, त्यांनाही मी त्यांचे चॅनेल तितक्याच आस्थेने लावून देतो. आपली भाषा आपल्या घरात ऐकू यावी, एवढंच म्हणणं आहे.

आता उपाय. टीव्ही आणि अ‍ॅप तुम्ही कुठे आहात हे नेटच्या पत्त्यावरून ओळखतात. कर्नाटकातला पत्ता दिसला की कानडी पुढे येतं. ते बदलता येतं, पण प्रत्येक ठिकाणी वेगळं बदलावं लागतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये भाषा मराठी करा. बऱ्याच अँड्रॉइड टीव्हींत तो पर्याय असतो, पण त्याने फक्त मेन्यूची भाषा बदलते. मग प्रत्येक अ‍ॅपमध्ये आपल्या प्रोफाइलला जाऊन आवडीच्या भाषांत मराठी निवडा. यूट्यूबवर सलग आठवडाभर मराठीच बघा, ते आपोआप वळतं. घरात कानडी आणि मराठी दोन्ही बघणारी माणसं असतील तर दोन प्रोफाइल करा. एकाच प्रोफाइलवर सगळे बघतात आणि मग "माझं काही दिसत नाही" म्हणून भांडतात.

शोधताना मालिकेचं नाव इंग्रजी अक्षरांत लिहा. बऱ्याच टीव्हींत मराठी अक्षरांचा कीबोर्डच नसतो.

कुठलं मराठी चॅनेल कुठल्या अ‍ॅपवर मिळतं?

झी मराठी झी५ वर. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर. सोनी मराठी सोनीलिव्हवर. सन मराठी सन नेक्स्टवर. प्लॅनेट मराठी हे २०२१ मध्ये आलेलं खास मराठीचं अ‍ॅप. प्रसार भारतीचं वेव्हज नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झालं, त्यावर दूरदर्शनचे चॅनेल बघता येतात.

एक चूक टाळा. सगळी अ‍ॅप घेऊन सगळ्यांचे पैसे भरू नका. घरात खरोखर कुठल्या दोन-तीन मालिका बघितल्या जातात ते वहीत लिहा, त्या आज्जींसारखं, आणि त्या जिथे आहेत तेवढंच घ्या.

आमचा टीव्ही बदलायचा का मग?

नाही. ज्या टीव्हीला एचडीएमआयचं तोंड आहे त्याला स्टिक किंवा छोटा बॉक्स लावला की काम होतं. फायर टीव्ही स्टिक असो, गूगलचा परवाना असलेला एखादा बॉक्स असो, घेताना एवढंच बघा की तुम्हाला हवी असलेली अ‍ॅप त्यावर आहेत, आणि ते नावाजलेल्या ठिकाणाहून, बिलासकट घेताय.

बसवतानाच्या दोन गोष्टी मी रोज दुरुस्त करतो. स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबी तोंडातून देतात. ती बऱ्याचदा कमी पडते, स्टिक मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होते, आणि लोक म्हणतात माल खराब. सोबत आलेला अ‍ॅडॅप्टर भिंतीच्या प्लगलाच लावा. दुसरं, स्टिक थेट टीव्हीच्या पाठीत घुसवली की भिंत आणि पत्र्याच्या मध्ये वाय-फाय अडतं. काही खोक्यांत एक छोटी एचडीएमआय जोडवायर येते. ती फेकू नका, तिने स्टिक थोडी बाहेर काढा.

स्टिक लावल्यावर रिमोटवर सोर्स किंवा इनपुट दाबून एचडीएमआय निवडावं लागतं. हे सांगायला नको असं वाटेल, पण याच एका कारणासाठी मी वडगावात एकदा रात्री नऊला गेलोय.

जुना, मागे तीन रंगांची भोकं असलेला टीव्ही असेल तर एचडीएमआयवरून एव्हीत बदलणारी डबी मिळते. काही अ‍ॅप त्यावर चित्र देत नाहीत, म्हणून दुकानात लावून बघितल्याशिवाय घेऊ नका.

खानापूरच्या जंगल भागात नेट धड नाही. किती स्पीड लागतो?

नेटफ्लिक्सच्याच हिशोबाने साध्या एचडीला ३ एमबीपीएस, फुल एचडीला ५ आणि फोर-केला १५ एमबीपीएस. डेटा एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत जातो, फोर-केला ७ जीबीपर्यंत. फोनच्या हॉटस्पॉटवर दिवसाला दोन जीबीचा पॅक असेल तर एचडीत एक सिनेमाही पुरा होणार नाही. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राची प्रत कमी करा, ४३ इंचीवर घरबसल्या बघायला ती चालते.

राउटर दोन पट्ट्यांवर चालतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीपलीकडे दमतो. २.४ गिगाहर्ट्झ हळू, पण लांब जातो. आपल्याकडच्या जांभ्या दगडाच्या जाड भिंतींच्या घरांत पडवीत राउटर आणि माजघरात टीव्ही असेल तर २.४ वरच ठेवा.

जिथे नेट येतच नाही, तिथे अ‍ॅपच्या मागे लागू नका. डीडी फ्री डिशची छत्री एकदा बसवली की महिन्याचा खर्च नाही, आणि त्यावर डीडी सह्याद्री मिळतं.

लाइट जाऊन आली की अ‍ॅप उघडत नाहीत. "कनेक्ट होत नाही" म्हणतं. नेट तर चालू आहे.

आधी टीव्हीतली तारीख बघा. लाइट गेल्यावर काही टीव्हींची तारीख मागे जाते. तारीख चुकीची असली की अ‍ॅपला सुरक्षिततेचा दाखला खोटा वाटतो आणि ते दार उघडत नाही. सेटिंगमध्ये तारीख आणि वेळ "नेटवरून आपोआप" वर ठेवा, टीव्ही प्लगमधून काढून दोन मिनिटांनी लावा. राउटर आधी सुरू होऊ द्या, मग टीव्ही. पावसाळ्यात दिवसातून चार वेळा लाइट जाते त्या भागात राउटरला छोटा यूपीएस लावणं हा सगळ्यात कामाचा खर्च आहे.

फोनचा पडदा टीव्हीवर टाकला तर आवाज येतो, चित्र काळं.

अ‍ॅपने मुद्दाम अडवलेलं असतं, नक्कल होऊ नये म्हणून. बिघाड नाही. अ‍ॅपमध्ये कास्टचं चिन्ह असेल आणि टीव्ही ते घेत असेल तर त्याने बघा. पडद्याची नक्कल करून नाही.

"जागा शिल्लक नाही" म्हणतं. टीव्हीत जागा म्हणजे काय?

बऱ्याच स्वस्त टीव्हींत आणि स्टिकमध्ये एकूण ८ जीबी जागा असते आणि त्यातला मोठा भाग प्रणालीच खाते. न वापरलेली अ‍ॅप आणि खेळ काढून टाका, राहिलेल्या अ‍ॅपांचा कॅश (साठलेला तात्पुरता डेटा) पुसा. महिन्यातून एकदा केलं तरी पुरे.

केबल किंवा डिशवाल्याने कर्नाटकचा पॅक दिलाय. मराठी चॅनेल मागता येतात का?

हो. २०१९ पासून ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) नियमांनुसार चॅनेल एकेक करून निवडता येतात, हवे नसलेले काढताही येतात. पत्ता कर्नाटकातला आहे म्हणून फोनवरचा माणूस कानडी पॅक पुढे करतो. त्याला स्पष्ट सांगा की मराठी चॅनेल हवेत, आणि कुठले ते नावाने सांगा. निपाणी आणि चिकोडीकडच्या बऱ्याच घरी मी हे बदलून दिलंय, अनेकांचं बिल उलट कमी आलं.

नवीन टीव्ही घ्यायचाय. दुकानात काय बघू?

विक्रेता काय म्हणतो ते ऐका, पण रिमोट तुमच्या हातात घ्या. दुकानाच्या वाय-फायला किंवा तुमच्या हॉटस्पॉटला टीव्ही जोडायला सांगा. तुम्हाला हवी असलेली तीन-चार अ‍ॅप एकामागून एक उघडून बघा. रिमोटवर नेटफ्लिक्सचं बटण आहे म्हणून थांबू नका, तुमच्या कामाचं अ‍ॅप दुसरंच असू शकतं. झी५ बघणाऱ्या घराने झी५ उघडून बघावं. "घरी गेल्यावर अपडेट येईल, मग दिसेल" असं कुणी म्हणालं तर ते बिलावर लिहून मागा. लिहून देत नाहीत. मग घेऊ नका.

ऑनलाइन घेत असाल तर मॉडेलचा पूर्ण नंबर घेऊन त्या-त्या अ‍ॅपच्या मदत पानावर तो बसतो का ते बघा. सणासुदीच्या सवलतीत जे मॉडेल फार स्वस्त दिसतं, त्यात बहुधा जुनी प्रणाली असते. खडेबाजारात दोन तास फिरून हात लावून घेतलेला टीव्ही मला कायम जास्त भरवशाचा वाटत आलाय.

जाहिरातीत अ‍ॅप आहे म्हणाले, टीव्हीत नाही. दुकानदार हात वर करतोय. काय करू?

गप्प बसू नका. जाहिरातीचा फोटो, खोक्याचा फोटो, बिल आणि टीव्हीच्या पडद्याचा फोटो, एवढं एकत्र ठेवा. आधी कंपनीला ईमेल लिहा, म्हणजे तारखेसकट पुरावा राहतो. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा, तिथे मराठीत बोलता येतं. त्यानेही नाही सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही जिथे राहता तिथे तक्रार करता येते, वस्तू कुठूनही घेतलेली असो. चंदगडहून बेळगावात येऊन टीव्ही घेणारे खूप आहेत. त्यांना तक्रारीसाठी बेळगावात खेटे घालायची गरज नाही, कोल्हापुरात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी लागत नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत मात्र करायला हवी.

माझ्या स्वतःच्या घरी असं झालं होतं. बहिणीला घेऊन दिलेल्या टीव्हीत सांगितलेलं अ‍ॅप नव्हतं, ग्राहक सेवेवाले तीन आठवडे "पुढच्या अपडेटला येईल" म्हणत राहिले. फोटोंसकट लेखी तक्रार गेल्यावर चार दिवसांत माणूस आला आणि टीव्ही परत घेतला.

घरातल्या वयस्कर माणसाला हे सगळं कसं शिकवायचं?

त्या जांबोटीकडच्या आज्जींकडे मी स्टिक लावली. मुलाला फोन करून त्याच्याच खात्याने अ‍ॅप चालू केलं. बाकीची सगळी चिन्हं मागे ढकलून पहिल्या जागी त्यांचं एकच अ‍ॅप ठेवलं. रिमोटवरचं प्लॅस्टिक काढून टाकलं, कारण त्यातून बटणांची बोटाला ओळखच पटत नव्हती. नातसुनेकडून लाल नेलपॉलिश मागून घेतलं आणि दोन ठिपके दिले: घराचं चिन्ह असलेल्या बटणावर एक, आणि मधल्या गोल बटणावर दोन. "वाट चुकली की एक ठिपका, बघायचं असलं की दोन ठिपके," एवढंच सांगितलं. मग रिमोट त्यांच्या हातात देऊन मी हात मागे बांधून बसलो. शिकवताना रिमोट आपण हातात घेतला की समोरचा माणूस शिकत नाही, नुसता बघतो. चार वेळा चुकल्या, पाचव्यांदा मालिकेचं गाणं लागलं. त्यांनी वही उघडून त्या मालिकेपुढे पेन्सिलने बरोबरची खूण केली आणि सुनेला आतून चहा आणायला सांगितलं.